शंभर युनिट

महिन्याची वीस तारीख उलटली की आमचे डोळे विजेच्या मीटरवर. शंभर युनिटांपर्यंत दर कमी, त्यापुढच्या युनिटांना दुपटीहून जास्त. पंखा एकच लावायचा, इस्त्री मात्र चुकवायची नाही. मास्तर चुरगळलेल्या सदऱ्यात वर्गात कसा जाणार? ही सफेदपोशी आम्हाला फार महाग पडली.

विनाअनुदानित उर्दू शाळा, पगार आठ हजार. वर्षाचे झाले शहाण्णव हजार. अल्पसंख्याकांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा एक लाख. वर्गातल्या मुलांचे अर्ज आम्हीच भरायचो. "ही खैरात नाही, हक्क आहे," असे त्यांच्या अब्बांना समजवायचो. पण आमच्या दुसरीतल्या मुलीचा अर्ज? 2021 साल तसेच गेले.

अम्मी म्हणाली, "लोकांना हक्क सांगतोस आणि स्वतःला शरम?"

2022 मध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभे राहिलो. पुढे आमच्याच एका विद्यार्थ्याचे अब्बा. सलाम करून म्हणाले, "सर, तुम्ही पुढे या." आम्ही मागेच थांबलो.

अर्ज भरला. त्याच नोव्हेंबरात केंद्राने पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती बंद केली. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे, हे कारण. वर्षाचे हजार रुपये. वह्या आणि चपला त्यातूनच यायच्या.

दुसऱ्या दिवशी ते अब्बा शाळेत आले. "सर, अर्ज परत का आला?"

"आमचाही आलाय," आम्ही म्हणालो.