चार कामें आणि एक घर

सोनारीचा काळभैरवनाथ हें आमचें कुलदैवत. परांडें तालुक्यांतील या गांवीं, देवळापासून हांकेच्या अंतरावर, आमचें वडिलार्जित माळवदाचें घर आहे. उरलेलें आयुष्य नाथाच्या सान्निध्यांत काढावें, ही आमच्या काकूंची फार दिवसांची इच्छा. ती पुरविण्याचें आम्हां चौघां चुलत भावांनीं मनावर घेतलें आणि कामें वांटून घेतलीं. एकानें माळवद उतरवून पत्रे घातले, दुसऱ्यानें शौचकूप बांधविला, तिसऱ्यानें विंधणविहीर घेतली, आणि विजेचें काम आमच्याकडे आलें.

चारी कामें ठरल्या खर्चांत व ठरल्या वेळीं पुरीं झालीं. चैत्रांत यात्रेच्या निमित्तानें काकूंना मोठ्या हौसेनें घरीं आणिलें. पंधराव्या दिवशीं त्या पुण्यास परत गेल्या! शौचकूप परसाच्या टोंकाला, तीन उंच पायऱ्या चढून. विहिरीचें पाणी तेथवर पोंचत नव्हतें. वाटेवर दिवा नव्हता. आणि पहाटे वानरांच्या उड्या पत्र्यावर पडूं लागल्या कीं काकू दचकून उठत. सोनारीस वानरें किती आहेत, हें काय आम्हांस ठाऊक नव्हतें? पण पत्रे घालणारानें पावसाचा विचार केला होता, झोंपेचा नव्हे. प्रत्येकाचें काम चोख होतें. काकू मात्र कोणाच्याच कामांत नव्हत्या.

मोठमोठ्या संस्थांचेंही असेंच होतें. म्हणूनच व्यवस्थापनशास्त्रांत प्रकल्प आणि कार्यक्रम असे दोन निराळे शब्द योजितात. प्रकल्प म्हणजे एक काम. त्यास आरंभ, अंत व खर्चाची मर्यादा असते. इमारत उभी राहिली कीं तो संपला. कार्यक्रम म्हणजे एका हेतूनें बांधलेला अनेक प्रकल्पांचा समूह. कोणतें काम आधीं, कोणतें मागाहून, एकाच्या विलंबानें दुसरें कोठें अडेल, आणि ज्याच्यासाठीं हा खटाटोप त्याच्या पदरांत काय पडलें, हें पाहणारा एक जबाबदार माणूस तेथें लागतो.

आमच्या जिल्ह्यानें हा धडा फार मोठें मोल देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपांत लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील सुमारें आठ हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचें ओझें यांनींच घात केला. पुढें जागतिक बँकेच्या साहाय्यानें राज्य सरकारनें पुनर्वसनाचा कार्यक्रम हातीं घेतला. ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. इतरत्र दोन लक्षांच्या आसपास घरें दुरुस्त व मजबूत करविलीं. नव्या गांवांतील घरें भक्कम झालीं. पण शहरी थाटाचे सरळ रुंद रस्ते आणि आंखीव तुकडे यांत गुरें कोठें बांधावीं, भावकी जवळ कशी राहावी, याचें उत्तर कित्येक ठिकाणीं सांपडेना. दुरुस्तीच्या कामांत निराळी रीत ठेविली होती. घरधन्यास हप्त्यानें पैसा मिळे, इंजिनियर सल्ला देई, आणि काम तो स्वतः करून घेई. गांवोगांवीं नेमलेल्या स्त्रिया लोकांस माहिती देत आणि त्यांच्या अडचणी वर पोंचवीत. राहणाराचा शब्द तेथें कामाच्या आधीं ऐकिला जाई.

गेल्या दिवाळींत आम्ही चौघे पुण्यास काकूंपाशीं बसलों. "सकाळीं उठल्यापासून तुम्हांला काय काय लागतें, तें सांगा," असें विचारिलें. त्या तासभर सांगत होत्या. त्यांतील बहुतेक गोष्टी आमच्या पहिल्या यादींत नव्हत्याच. आतां चार वह्यांची एक वही केली आहे, आणि ती आमच्याकडे आहे. परंतु काम पुरें झालें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार काकूंचा. त्यांना चौऱ्याऐंशीवें वर्ष लागलें आहे. चुकण्यास फारसा अवधि उरलेला नाहीं.