अख्खा सिलिंडर एका आयतात!

एक आयत. रुंदी ५० मिलिमीटर, उंची २००. त्यात पाच-पाच मिलिमीटरचे चौकोन पाडले: आडवे १०, उभे ४०, एकूण ४००. आणि या चपट्या चित्राने मला जाड भिंतीच्या अख्ख्या सिलिंडरमधला स्ट्रेस काढून दिला! कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय.

जुन्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. क्लफ आणि रशीद यांनी अशा अक्षसममित वस्तूंचं फायनाइट एलिमेंट विश्लेषण १९६५ सालीच मांडलं होतं. पण शाफ्ट, पुली, नोझल, लेथवर उतरणारं काहीही आलं की आजूबाजूचे सगळे सरळ टेट्रा मेशचं बटण दाबताना दिसतात, मग हे कळणार कधी?

खरी गंमत आत आहे. आतल्या दाबाने एखादा बिंदू अक्षापासून जरासा बाहेर सरकला, की तो ज्या वर्तुळावर बसलाय ते वर्तुळच मोठं होतं. म्हणजे परिघाच्या दिशेचा स्ट्रेन आपोआप आला: सरकलेलं अंतर भागिले त्रिज्या. बस्स! तिसरी मिती त्या एका भागाकारात मावली. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्याच मारायला लागलो.

आता हिशेब बघा. आयताचे नोड ४५१, प्रत्येकाच्या हालचाली दोन, म्हणजे ९०२ समीकरणं. हाच आयत अक्षाभोवती पाच-पाच अंशांनी फिरवून स्वीप केला, तर २८,८००  हेक्सा एलिमेंट आणि ९७,४१६ समीकरणं. उत्तर जवळपास तेच!

म्हणून स्वीप वाईट असं नाही हं. मला तर तो फार देखणा वाटतो. पण त्याची दोन दुखणी आहेत. एक, साध्या सरळ कडांच्या एलिमेंटने गोलाचा बहुकोन होतो. पूर्ण घेरात १२च भाग केले, तर १०० मिलिमीटर त्रिज्येला प्रत्येक कड मधोमध ३.४ मिलिमीटर आत येते. ३६ भाग केले की जेमतेम ०.४. दुसरं, भरीव शाफ्ट असेल तर अक्षाला टेकलेले चौकोन फिरताना मिटतात आणि मधोमध निमुळत्या पाचरींची दाटी होते. त्यावरचा उपाय बघून मी थक्कच झालो: गाभ्यात आधी एक चौरस बसवायचा आणि त्याच्याभोवती गोलाकार थर रचायचे. त्याला ओ-ग्रिड म्हणतात. पाचरी गायब!

तर निवड करताना आकाराइतकंच लोडकडे बघायचं. आकार, लोड, आधार, मटेरियल सगळंच अक्षाभोवती सारखं असेल, तर आयतावर भागवा. फ्लँजला आठ बोल्ट समान अंतरावर असतील आणि लोडही तसंच फिरून येत असेल, तर ४५ अंशांची एक फोड पुरते. चिमणीवर एका बाजूने वारा येतोय, तर नेहमीचा आयत चालणार नाही. तिथे पूर्ण स्वीप, किंवा फूरिये मालिकेची युक्ती. आणि कीवे, आडवी भोकं, तिरके फाटे आले की टेट्राला शरण जायला हरकत नाही. फक्त दहा नोडचा घ्या. चार नोडच्या टेट्रात स्ट्रेन सगळीकडे एकच, त्यामुळे वाकणारी वस्तू तो उगाच ताठ दाखवतो.

एक बारीक गोष्ट राहिलीच! अक्षसममित मॉडेलमध्ये नोडवर दिलेलं बळ बहुतेक सॉफ्टवेअर पूर्ण घेराचं समजतात. मॅन्युअल उघडून खात्री केलेली बरी.

आणि पडताळा? लामेचं जाड सिलिंडरचं सूत्र एकोणिसाव्या शतकापासून तयारच आहे. आतली त्रिज्या ५०, बाहेरची १००, आतला दाब ३० मेगापास्कल. परिघाच्या दिशेचा स्ट्रेस आतल्या पृष्ठभागावर ५०, बाहेर २०. मेश पाडायला जीमेश आणि समीकरणं सोडवायला कॅल्क्युलिक्स, दोन्ही फुकट मिळतात. आजच आयत काढा आणि हे दोन आकडे जुळतात का ते स्वतःच बघा.