कमिशनची हिशेबपट्टी

या धंद्यात नव्याने उतरणारा प्रत्येक जण मला पहिला प्रश्न विचारतो तो टक्क्यांचा. "ताई, सगळ्यात जास्त कुठे मिळतं?" मी मराठीतून घरातल्या यंत्रांचे व्हिडिओ करते. मिक्सर, घरघंटी, पाण्याचे फिल्टर, शिलाई मशीन. व्हिडिओखाली लिंक असते, त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की विकणारी कंपनी मला कमिशन देते, आणि आमचं घर आज मुख्यतः त्यावरच चालतं. म्हणून मनापासून सांगते, टक्के हा या कामातला सगळ्यात शेवटी बघायचा आकडा आहे. बारा टक्के जाहीर करणाऱ्यांकडून हातात काहीच पडत नाही आणि तीन टक्केवाले दर महिन्याला न चुकता पैसे टाकतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

शेतकरी बाजार समितीत माल घालतो तेव्हा नुसत्या भावावर खूश होत नाही. हातात पट्टी पडली की तोलाई किती, हमाली किती, शेवटी उरलं किती, हे बघतो. कमिशनचा रिपोर्ट तसाच वाचावा लागतो. आधी क्लिक, मग ऑर्डर, मग माल पोचला का, परत तर नाही ना आला, 'पेंडिंग'चं 'अप्रूव्ह्ड' कधी झालं, पैसे सोडायची किमान रक्कम भरली का, टीडीएस किती कापला, आणि शेवटी बँक. प्रत्येक पायरीवर थोडं गळतं. त्यात गैर काही नाही; परत गेलेल्या मिक्सरचं कमिशन मला मिळू नये हे बरोबरच आहे. पण काय आणि का गळलं ते सांगायला हवं. ऑर्डर नामंजूर करून कारणाचा रकाना कोरा ठेवणाऱ्या कंपनीची लिंक मी काढून टाकते, मग तिचे टक्के कितीही असोत.

टक्क्यांच्या आधी मी मुदत विचारते. ग्राहकाने क्लिक केल्यावर किती वेळ ती खरेदी माझ्या नावावर धरली जाते? हे काम ब्राउझरमधली कुकी करते. ॲमेझॉनची मुदत २४ तासांची. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये पडली, तर पुढे साधारण तीन महिन्यांपर्यंतची खरेदी धरतात. इतर ठिकाणी ७ दिवस, ३० दिवस, कुठे त्याहून जास्त. मिक्सरला २४ तास पुरतात. जुना बिघडलेला असतो, सकाळी चटणी वाटायची असते, बाई लगेच ऑर्डर करते. घरघंटी अशी घेतली जात नाही. आधी ओट्याखाली बसेल का ते मोजतात, शेजारणीकडची बघून येतात, आवाज किती होतो ते विचारतात, घरात बोलणं होतं, पगार होतो, आणि मग पाडव्याच्या मुहूर्तावर घेऊ असं ठरतं. व्हिडिओ पाहिला श्रावणात आणि खरेदी दिवाळीत! अशा वस्तूला २४ तासांची मुदत म्हणजे माझी मेहनत फुकट. आपला प्रेक्षक वस्तू कशी घेतो हे ज्याला माहीत नाही, त्याने कुठलाही प्रोग्रॅम निवडला तरी तो अंदाजच.

दुसरी गोष्ट, शेवटचा क्लिक. बहुतेक ठिकाणी नियम असा की खरेदीच्या आधीचा शेवटचा क्लिक ज्याचा, कमिशन त्याचं. मी वीस मिनिटांचा व्हिडिओ करून माणूस दुकानापर्यंत आणला आणि पैसे भरण्याच्या पानावर त्याच्या ब्राउझरमधलं कूपन शोधणारं एखादं एक्स्टेन्शन मध्ये आलं, तर माझी कुकी पुसली जाऊन त्याची बसू शकते. 'हनी' हे असंच एक्स्टेन्शन. पेपॅलने ते २०२० मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये मेगालॅग या यूट्यूबरने आपल्या व्हिडिओत आरोप केला की, हनी इतरांची कमिशनं आपल्याकडे वळवतं. आपण शेवटच्या क्लिकचा प्रचलित नियमच पाळतो, असं पेपॅलचं म्हणणं. प्रकरण कोर्टात गेलं. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम कडक केला की, ग्राहकाचा प्रत्यक्ष फायदा होत नसेल किंवा त्याने स्वतः काही केलं नसेल, तर कमिशनचा कोड घुसवायचा नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या कंपनीला लेखी विचारते, तुमच्याकडे कूपनवाल्यांना काय नियम आहे? सरळ उत्तर देणारे असतात, त्यांच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं.

लिंक लावल्यावर ती तपासणं हा माझ्या सकाळच्या कामाचा भाग आहे. फोनवर प्रायव्हेट विंडो उघडायची, लिंक दाबायची, आणि पान उघडलं की वरचा पत्ता पूर्ण वाचायचा. ॲमेझॉनच्या भारतातल्या लिंकमध्ये 'टॅग' या अक्षरांपुढे आपलं ओळखनाव असतं आणि त्याच्या शेवटी एक छोटी आडवी रेघ आणि २१. ती शेपटी नसेल तर माणूस दुकानात पोचतो, माझं नाव मात्र वाटेत गळतं. लहान केलेल्या लिंकमध्ये हे जास्त होतं. म्हणून तीच लिंक ॲपमधूनही उघडून बघते आणि क्लिकची नोंद रिपोर्टमध्ये आली का ते दुसऱ्या दिवशी पाहते. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करून मात्र बघायचं नाही, त्याला मनाई असते आणि खातं बंद होऊ शकतं. घरघंटीचा टॅग वेगळा, मिक्सरचा वेगळा ठेवते, म्हणजे आकडा घसरला तर नेमका कुठे ते कळतं.

करार आपल्याला बांधतो, कंपनीला फारसा बांधत नाही, हे सगळ्यांनी नीट समजून घ्यावं. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, किराण्याचं ५ वरून १ वर. सूचना जेमतेम आठवडाभर आधी. हे करारात बसत होतं. म्हणून मिळकत एकाच दावणीला बांधायची नाही. दर महिन्याचा रिपोर्ट उतरवून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा, कारण खातं बंद झालं की डॅशबोर्डही जातो आणि भांडायला कागद उरत नाही. टीडीएसचा ताळाही आयकर खात्याच्या नोंदींशी घालायचा. कमिशनवरचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के जातात.

आणि आधी पैसे भरा म्हणणाऱ्यांविषयी. कॉलेजातली मुलं मला विचारतात, अमुक हजारांचा कोर्स घेतला की तोच कोर्स दुसऱ्याला विकून कमिशन मिळतं, घेऊ का? घेऊ नका. जिथे वस्तू हे निमित्त असतं आणि माणसं जोडणं हीच कमाई असते, तिथे शेवटच्या माणसाचे पैसे बुडतात, आणि तो शेवटचा माणूस बहुधा आपल्याच ओळखीतला असतो. डायरेक्ट सेलिंगच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी घातली आहे. खरा प्रोग्रॅम सामील होण्याचे पैसे मागत नाही.

माझ्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मी सांगते, "खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं." केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. शिफारस ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत असावा, असं ती सांगते. मला हे फार पटलं. सोलापूरची एखादी बाई माझ्या सांगण्यावरून वीस हजारांची वस्तू घेते, तेव्हा मला त्यातून काय मिळतं हे तिला मराठीत कळायलाच हवं.

सध्या गुजरातेतल्या एका घरघंटी बनवणाऱ्याचा प्रस्ताव आला आहे. टक्के चांगले, मुदत ३० दिवसांची. यंत्र मी वापरून पाहिलं, ज्वारी उत्तम दळते, नाचणीला जाळी बदलावी लागते. त्यांना मी तीन गोष्टी विचारल्या. नामंजुरीचं कारण दाखवाल का, दर बदलताना किती दिवस आधी कळवाल, आणि दुरुस्तीचा माणूस तालुक्याच्या गावी पोचतो का. पहिल्या दोन्हींची उत्तरं आली, नीट आली. तिसऱ्याचं अजून यायचं आहे, तोवर त्या व्हिडिओखाली लिंक नाही.