मीटर घेऊ, पण नोटिशीचा हक्क सोडणार नाही

आमच्या घरी स्मार्ट मीटर बसवू द्यायचे की नाही, यावर गेले तीन आठवडे वाद चालू आहे. घर म्हणजे आम्ही दोघे, आई आणि बारावीला असलेला पुतण्या. वस्ती पाथर्डी तालुक्यातली. मीटर बसवणारी दोन मुले आली होती. बोलायला चांगली होती. त्यातल्या एकाने भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून जय भीम घातला. आम्ही विचार करायला वेळ मागितला आणि ती पुढच्या गल्लीत गेली. त्या मुलांशी आमचे भांडण नाही. रोजंदारीवर राबणारी आपलीच पोरे आहेत ती.

चळवळीतल्या मित्रांना विचारले तर दोन टोकाची मते मिळाली. एक मित्र म्हणाला, "हे अदानीचे मीटर आहे, भिंतीला हात लावू देऊ नका." दुसरा इंजिनिअर झालेला आहे. तो म्हणाला, "यंत्राला जात नसते. ज्या गावात वायरमन पाटलाच्या वाड्यावर चहा पितो आणि आपल्या वस्तीत आकडे मोजतो, तिथे यंत्र आलेलेच बरे." दोन्ही मतांत काहीतरी खरे आहे आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिले मत आधी तपासू. २०२३ साली महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटरची कामे चार कंपन्यांना वाटली. त्यातला सर्वात मोठा वाटा अदानीला गेला हे खरेच आहे. पण आपला जिल्हा ज्या नाशिक परिमंडळात येतो, ते काम दुसऱ्या कंपनीकडे आहे. विरोध करायचा तर निदान पत्ता बरोबर असावा. पैशाचा मुद्दा मात्र कंपनी कोणतीही असली तरी तोच राहतो. एका मीटरचा खर्च सुमारे १२ हजार रुपये आणि त्यात केंद्राचे अनुदान ९०० रुपये. "ग्राहकाकडून मीटरचे पैसे घेणार नाही" असे सांगितले जाते. घेणार नाहीत म्हणजे हातात पावती देऊन घेणार नाहीत. उरलेला खर्च कंपनीच्या हिशेबात जाणार आणि तो हिशेब वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची मागणी म्हणून येणार. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना हेच सांगत आली आहे. म्हणजे आम्ही मीटर नाकारले तरी त्या खर्चाचा आमचा वाटा चुकत नाही. केरळने २०२३ साली ठेकेदाराकरवी मीटर बसवून घेण्याची ही पद्धत राज्य म्हणून नाकारली. ते सरकारच्या पातळीवर होऊ शकते, एका घराच्या पातळीवर नाही.

आता दुसरे मत. यंत्राला जात नसते, हे वाक्य आपल्या तरुणांना फार आवडते आणि त्याला कारण आहे. ऊसतोडीच्या कुटुंबांचे उदाहरण घ्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातून दिवाळीनंतर कोयता घेऊन माणसे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. घराला कुलूप. मीटर घराच्या आत असेल तर रीडिंग मिळत नाही आणि बिल सरासरीने निघते. सहा महिने न जाळलेल्या दिव्याचे बिल घेऊन कार्यालयात हेलपाटे घालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. एकेका हेलपाट्याला एक रोज बुडतो. स्मार्ट मीटर दूरवरून वाचले जाते. घर बंद असेल तर शून्य दिसेल, स्थिर आकार तेवढा लागेल. हा फायदा खरा आहे आणि तो सगळ्यात गरीब कुटुंबाला आहे. सरसकट विरोध करणाऱ्या आमच्या मित्रांनी कारखान्याच्या फडावर जाऊन या बायांना हे समजावून सांगावे, मग आम्ही ऐकू.

पण जे मीटर दूरवरून वाचता येते, ते दूरवरून बंदही करता येते. आमच्या घरातला खरा वाद इथेच आहे.

आज वीज तोडायची तर माणूस यावा लागतो. तो शिडी लावतो, वस्ती गोळा होते, कोणीतरी म्हणते, "भाऊ, परवा मजुरी मिळणार आहे, दोन दिवस थांबा." कधी तो थांबतो, कधी थांबत नाही. इंजिनिअर मित्र म्हणतो, ही मेहरबानी आहे आणि मेहरबानी जात पाहून होते. पाटलाला दोन महिने मिळतात, आपल्याला दोन दिवस आणि तेही हात जोडून. त्याचे म्हणणे आम्हाला पूर्ण पटते. आम्हाला मेहरबानी नकोच आहे. प्रश्न असा आहे की मेहरबानीच्या जागी काय यायला हवे? आम्ही म्हणतो, लेखी नोटीस यायला हवी.

आणि ती कायद्यात आहे. विद्युत अधिनियम २००३ चे कलम ५६ सांगते की थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या कार्यकर्त्यांनाही फारशी माहीत नसते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. पंधरा दिवस म्हणजे मजुराच्या हिशेबात दोन आठवड्यांची मजुरी. उचल मागायला, बचत गटातून पैसे काढायला, चुकीच्या बिलाचा अर्ज लिहायला मिळालेला वेळ. हा वेळ कोणाची दया नाही.

प्रीपेडमध्ये हा वेळ कुठे जातो? पैसे संपले की वीज बंद. कंपनी म्हणू शकते की आम्ही काहीच तोडले नाही, तुमचाच रिचार्ज संपला. हा शब्दांचा खेळ नाही, यावर दक्षिण आफ्रिकेत मोठा खटला झालेला आहे. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमध्ये फिरी नावाची काळ्या गरिबांची वस्ती आहे. तिथे पाण्याला प्रीपेड मीटर बसवले. ठरावीक मोफत पाणी संपले की नळ बंद. मझिबुको नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात २००८ साली उच्च न्यायालयाने वस्तीच्या बाजूने निकाल दिला. श्रीमंत गोऱ्या उपनगरात थकबाकीदाराला आधी नोटीस मिळते, मुदत मिळते आणि फिरीत काहीच मिळत नाही, हा भेदभाव न्यायाधीशांनी नेमका दाखवला. पण २००९ साली संविधान न्यायालयाने तो निकाल फिरवला. मीटर थांबणे म्हणजे पाणी तोडणे नव्हे, ती तात्पुरती स्थगिती आहे, असे तिथे ठरले. वर्णभेद संपवून आणलेल्या, जगात नावाजलेल्या संविधानाखाली हे घडले. महाडच्या तळ्याचा इतिहास सांगणाऱ्या आपल्या पोरांनी हा खटला जरूर वाचावा. तिथे तळ्यावर पहारा बसवावा लागला नाही, एका पितळी यंत्राने काम भागले.

ही भीती आपल्याकडे लांबची आहे का? जून २०२४ मध्ये, लोकसभेच्या निकालानंतर, सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. त्यानंतर तेच काम टीओडी मीटर या नावाने सुरू झाले. बिल आधीसारखेच महिन्यानंतर येते, हे मान्य. पण केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत नवी जोडणी स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरवरच द्यावी, अपवादाला आयोगाची मंजुरी लागेल, असे लिहून ठेवले आहे. मंत्र्याची घोषणा आणि राजपत्रातला नियम यांत कोणते जास्त काळ टिकते, हे आरक्षणाच्या लढ्यात आपण पुरेसे शिकलो आहोत. भिंतीवर बसलेले यंत्र पोस्टपेडचे प्रीपेड करायला परत कोणी शिडी घेऊन यायची गरज नाही.

आई हा सगळा वाद ऐकत होती. ती म्हणाली, "ते मीटर काय माणूस हाय का, थांब म्हणलं की थांबायला?" पुतण्या म्हणाला, "आजी, माणूस तरी कुठं थांबतो?" दोघांचेही बरोबर होते, म्हणून वाद आणखी दोन दिवस लांबला.

सवलतीचाही हिशेब आम्ही मांडला. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट आहे, पण ती मिळायला हेच मीटर लागते. आमच्या घरात महिन्याला साठेक युनिट जळतात. त्यातले वीस दिवसा धरले तर १६ ते २० रुपये वाचतील. ज्यांच्याकडे फ्रीज आहे, धुण्याचे यंत्र आहे, दुपारी घरात माणूस आहे, त्यांचे जास्त वाचतील. खुरपणीला गेलेल्या बाईच्या घराला ९ ते ५ कुलूप असते. तिची वीज संध्याकाळी सहानंतर लागते आणि केंद्राच्या २०२३ च्या नियमात गर्दीच्या वेळेचा दर घरगुती ग्राहकालाही किमान १.१० पट असावा असे म्हटले आहे. जाहिरातीत मात्र सूटच मोठ्या अक्षरात दिसते.

आणखी एक गोष्ट बोचते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना बळीराजा योजनेत मोफत वीज आहे. लाभार्थी सुमारे ४४ लाख. शेतकऱ्याला वीज मिळावी, याबद्दल आमची तक्रार नाही. कोरडवाहू नगर जिल्ह्यात शेतकऱ्याचे काय हाल आहेत ते आम्ही रोज पाहतो. पण पंप कोणाकडे असतो? ज्याच्याकडे जमीन आणि विहीर आहे त्याच्याकडे. त्याच शेतात रोजाने जाणारी बाई घरी येऊन जो एक दिवा लावते, त्याला माफी नाही आणि नवे मीटर मात्र आहे. शेतीपंपाला या स्मार्ट मीटर योजनेतून वगळले आहे. अनुदान जमिनीच्या मागून चालते आणि जमीन जातीच्या मागून. समाजशास्त्राच्या वर्गात हे वाक्य लिहायला आम्हाला चार पाने लागली असती.

बाबासाहेब विजेचे विरोधक नव्हते, हेही इथे सांगितले पाहिजे, कारण काही मित्र त्यांच्याच नावाने यंत्रविरोध करतात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज मुबलक आणि स्वस्त असली पाहिजे, उद्योगीकरणाशिवाय गरिबीतून सुटका नाही, अशी मांडणी केली. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तिथेच उभा केला. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ झाले. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे स्पष्ट आहे. म्हणजे यंत्र हवे, पण ते कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या परवडीचे, हा त्यांचा प्रश्न होता. २०२१ साली महावितरणने त्यांच्याच नावाने जीवनप्रकाश योजना काढली. १४ एप्रिल ते ६ डिसेंबर, अनामत ५०० रुपये, हवी तर पाच हप्त्यांत. आमच्या वस्तीतल्या दोन घरांत त्या योजनेतून दिवा आला. तोच दिवा उद्या शंभराच्या रिचार्जवर टांगला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

मग सरळ नकार का दिला नाही? कारण नकाराची किंमत आम्ही पाहून ठेवली आहे. कलम १६३ प्रमाणे कंपनीच्या माणसाला आत येऊ दिले नाही, तर २४ तासांची लेखी नोटीस देऊन वीज बंद करता येते. भाषण करणाऱ्याच्या घरात इन्व्हर्टर असतो. बारावीचा अभ्यास करणाऱ्या पोराला, दम्याचे यंत्र लावणाऱ्या शेजारच्या अण्णांना आम्ही त्या लढाईत आमच्या भरवशावर ढकलू शकत नाही.

शेवटी घरात ठरले ते असे. मीटर घ्यायचे, पण लेखी अर्ज देऊन आणि त्याची पोच घेऊन. अर्जात चार गोष्टी लिहिल्या. हे मीटर पोस्टपेडच राहील. आमच्या लेखी संमतीशिवाय प्रीपेड करू नये, कारण अधिनियमाच्या कलम ४७(५) मध्ये प्रीपेडला तयार असलेल्या ग्राहकाचा उल्लेख आहे, म्हणजे तयारी ग्राहकाची असते. थकबाकी झाली तर कलम ५६ ची नोटीस कागदावर मिळावी, मोबाइलवरचा मेसेज चालणार नाही, कारण आईचा मोबाइल पुतण्याकडे असतो. जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग आमच्यासमोर लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात. आणि वापर जास्त दिसतो अशी तक्रार केली तर २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे पाच दिवसांत पडताळणीचे दुसरे मीटर लावून ते किमान तीन महिने ठेवावे.

शेजारच्या मावशींनी तो अर्ज वाचून घेतला आणि त्यांचाही लिहायला सांगितला. आता एकवीस घरांचे अर्ज झाले आहेत. तीन घरांनी मीटर आधीच बसवून घेतले. त्यांचेही अर्ज आम्ही घेतले, प्रीपेडची अट त्यांनाही लागू होते. इंजिनिअर मित्राने मसुदा तपासून दिला. पहिल्या मित्राने आम्हाला तडजोडवादी म्हटले आणि स्वतःच्या वस्तीसाठी मसुद्याची प्रत मागून घेतली.

ऊसतोडीला जाणाऱ्या नऊ घरांचे अर्ज बाकी आहेत. त्यातल्या पाच घरांची जोडणी अजून वारलेल्या माणसाच्या नावावर आहे, सही कोणाची घ्यायची हाच पेच आहे. नाव बदलायला मृत्यूचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा उतारा लागेल. टोळ्या दिवाळीनंतर निघतील, त्याआधी हे काम उरकायचे आहे. पाथर्डीत ज्यांना एक-दोन दिवस देता येतील त्यांनी कळवावे.