पाव ग्रॅमचा आकडा

सराफाच्या पेढीवर मुरलेलं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं. नवखी बाई कुडी उचलते, कानाशी धरते, आरशात बघते. मुरलेली बाई ती आधी उलटी करते. फिरकी फिरवून बघते, दांडा नखाने हलवून बघते, गळ्यातलं असेल तर फाशात बोट घालून हलकेच ओढ देते. मोती कितीही पाणीदार असोत, ते गळ्यात राहणार की बसच्या गर्दीत सांडणार, हे मागची इवलीशी तार ठरवते, आणि हे त्या बाईला पक्कं ठाऊक असतं.

कड्या, आकडे, फासे, मणी सरकू नये म्हणून खाली डोकं असलेल्या पिना. यांना कुणी दागिना म्हणत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये यांचा फोटो नसतो. मी घरी कानातली-गळ्यातली करायला बसले ती रंगीत दगडांच्या हौसेने, पण जीव जडला तो या मागच्या मंडळींवर. आता दगड डब्यात पडून असतात आणि मी तार वळत असते.

आमच्या ओळखीच्या सोनारकाकांना हे खूळ वाटतं. "ताई, तयार हुक मिळतात की ढिगाने. कशाला हात काळे करता?" मिळतात, खरं आहे. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरात पुड्याच्या पुड्या टांगलेल्या असतात. पण स्वस्तातल्या पुडीत कुठला धातू आहे, हे पुडी सांगत नाही. वरच्या मुलाम्याखाली निकेल असलं आणि मुलामा झिजला की घामाबरोबर ते कातडीत उतरतं, आणि मग 'मला आर्टिफिशियल सोसत नाही' म्हणत कान चोळत बसायचं. युरोपात यासाठी कायदाच आहे: टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. आपल्याकडे सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. टोचल्यावर त्या कानात काय जातं, तिथेही सोनार डोळ्यांसमोर असावा, असं मला वाटतं.

चांदीची तार वजनावर मिळते. गेज सांगून मागायला जावं तर गोंधळ. इंटरनेटवरची अमेरिकन बाई 20 गेज म्हणते ती तार 0.81 मिलिमीटर जाड असते. आपल्याकडे ब्रिटिश मापाने चालणारा दुकानदार 20 गेज म्हणून देतो ती 0.91 भरते. कागदावर हा फरक केसाएवढा, पण कानाचं भोक तो बरोबर ओळखतं. म्हणून मी गेजच्या फंदात न पडता मिलिमीटर सांगते आणि कॅलिपर पिशवीत ठेवते. दुकानदार आधी कॅलिपरकडे बघतो, मग माझ्याकडे. बघू दे. 0.8 ची तार एका ग्रॅममध्ये जवळजवळ 19 सेंटीमीटर येते. एका आकड्याला पाच सेंटीमीटर पुरते, म्हणजे पाव ग्रॅमच्या किंचित वर. एवढ्या चांदीवर सगळ्या झुमक्याचा भार.

शुद्ध चांदी फार मऊ. तिचा आकडा केला तर केस विंचरताना कंगव्यात अडकूनसुद्धा उघडेल. म्हणून हजार भागांत 75 भाग तांबं घालतात आणि उरलेल्या 925 वरून तिचं नाव पडतं. तांब्याने ताठपणा येतो, पण विस्तवाजवळ नेलं की ते लगेच काळं पडतं. 925 च्या तारेचं टोक आचेत धरलं तर गोळी होते खरी, पण राखेत लोळून आल्यासारखी. शुद्ध चांदीच्या तारेची गोळी लख्ख येते. म्हणून गोळीवाल्या पिना मी शुद्ध चांदीच्या करते आणि आकडे 925 चे.

ही गोळी होताना बघणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. चिमट्यात तार उभी धरायची, टोक खाली, निळ्या ज्वाळेच्या आतल्या सुळक्याच्या जरा पुढे. आधी काहीच होत नाही. मग टोक नारिंगी होतं. 961 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की त्याचा उजेड एकदम बदलतो, वर ओलसर झळाळी येते आणि सरळ तुटलेलं ते टोक स्वतःला गोळा करून घेतं. वितळलेल्या चांदीला पसरायचं नसतं. कमीत कमी पृष्ठभागात मावायची तिची धडपड असते आणि त्यासाठी गोलासारखा आकार नाही. थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखा तो ठिपका तार गिळत वर चढू लागतो. इथे हात मागे घ्यायचा. आणखी क्षणभर लोभ केला तर गोळी जड होऊन टपकन खाली पडते. ज्वाळेचा सूं सूं आवाज, डोळ्यांत तो ठिपका, आणि स्वयंपाकघरात आणखी कुणी बोलत असेल तर ते ऐकूच येत नाही.

आकडा वळायला मात्र आच लागत नाही. गोल तोंडाच्या पकडीने टोकाला बारकं वेटोळं घ्यायचं. त्यात झुमका अडकणार. मग तार एखाद्या जाड पेनावर टेकवून अंगठ्याने दाबत कमान द्यायची आणि शेपूट किंचित बाहेर वळवायची. दोन्ही कानांचे आकडे एकदमच वळायचे, दोन तारा शेजारी धरून, नाहीतर एक कान दुसऱ्याशी भांडतो. मग ऐरणीवर कमानीच्या पुढच्या भागावर हलक्या टिचक्या. भोकातून जाणाऱ्या भागावर हातोडी पडू द्यायची नाही. तिथली तार चपटी झाली की तिला धार येते आणि कान कापतो. शेवटी कापलेलं टोक कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने गोल करायचं. गोल झालं की नाही ते डोळ्यांना कळत नाही, ओठांना कळतं. टोक ओठावरून फिरवून बघायचं. खरखर लागली तर पुन्हा कानस.

हातोडीची ही टिचकी शोभेसाठी नसते. चांदी ठोकली, ओढली, वळवली की कडक होते; आतल्या कणांची मांडणी विस्कटते आणि थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. तापवली की कण पुन्हा नीट लागतात आणि ती मऊ पडते. लोखंडाच्या घरातली रीत वेगळी: पोलादी अवजार लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. चांदी पाण्यात बुडवली तरी मऊच राहते. यावरून माणसांच्या स्वभावाबद्दल काही सुचत असेल तर वाचकांनी ते मनात ठेवावं. मला एवढंच दिसतं की वळण्याआधी तार तावून घ्यावी आणि वळल्यावर ठोकावी. उलट केलं तर आकडा आठवडाभरात सरळ होतो.

कड्यांबद्दल थोडक्यात. खिळ्यावर तार घट्ट गुंडाळायची, तयार झालेली स्प्रिंग बारीक करवतीने उभी कापायची, कड्या गळून पडतात. कडी उघडताना दोन टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत. एक आपल्याकडे, एक पलीकडे, अशी आडवी सरकवायची. ओढलेली कडी पुन्हा कधी गोल होत नाही. बंद करताना टोकं एकमेकांवर घासून बारीक 'टिक' होतं. तो आवाज आला नाही तर फट राहिलीय समजावं. भार जास्त असेल तर फट झाळून टाकायची. सोनार त्याला डाग म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीला आणि रेंदाळसारख्या आसपासच्या गावांत अशाच कड्यांवर घरंच्या घरं चालतात. एका घरी एक काम, दुसऱ्या घरी दुसरं, असं फिरत फिरत पैंजण पुरं होतं. एका पैंजणात किती कड्या असतात ते एकदा मोजून बघावं, म्हणजे पायातल्या छुमछुमीचा हिशोब लागतो.

तयार हुकाबद्दल माझी खरी तक्रार निकेलचीही नाही. तो कुठल्याही दगडावर सारखाच दिसतो. वर साचातला हुक, खाली आपली कारागिरी, आणि मध्ये कडीचा सांधा ओरडून सांगतो की ही सोयरीक जुळवून आणलेली आहे. स्वतःची तार असली की झुमक्याची रेघ वर जाऊन कमान होते आणि कानातून मागे उतरते. आकडा कुठे संपला आणि दागिना कुठे सुरू झाला ते दाखवता येत नाही. अमेरिकेच्या अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराने सुमारे 1800 दागिने केले, बरेचसे पितळेच्या आणि चांदीच्या तारेचे. झाळण्याच्या वाटेला तो सहसा जात नसे. तार ठोकून, वळवून, एकमेकींत अडकवून भागवी. त्याचे सांधे लपलेले नाहीत. त्या दागिन्यांत बघायचं असतं ते सांध्यांकडेच.

तारेच्या एकाच तुकड्यात स्प्रिंग, टोक आणि अडकण बसवायची युक्ती तर प्रत्येक मराठी बाईच्या बांगडीत लटकत असते. ती सेफ्टी पिन वॉल्टर हंट नावाच्या माणसाने 1849 साली न्यूयॉर्कमध्ये पेटंट केली आणि हक्क 400 डॉलरला विकून टाकले. पदर, निऱ्या, तुटलेलं मंगळसूत्र, सगळं तिच्या जिवावर. चांदीत तशी पिन करून बघितली, छान होते. फक्त स्प्रिंगच्या वेढ्याला भरपूर ठोकावं लागतं.

फिरकीच्या वाटेला मात्र मी जात नाही. जेमतेम मिलिमीटरभर दांड्यावर आटे पाडायचे, त्याला जुळणारे आटे फिरकीच्या आत पाडायचे, हे पकडीचं आणि पेनाचं काम नाही. सोनारकाका ते हसत करून देतात आणि हसण्याचे पैसे लावत नाहीत. मी फिरक्या त्यांच्याकडूनच घेते, दर वेळी एक जोड जास्त. एखादी आंघोळीच्या वेळी मोरीत जाणार, हे धरूनच चालते.