घासा, पण हळू!



मागच्या महिन्यात डेंटल हायजिनिस्टने आरसाच हातात दिला. "हिरड्या मागे सरकल्यात. फार जोर लावता का?" तीस वर्षं ब्रश आडवा खसाखसा चालवल्याचं फळ! गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही म्हणे.

मग तिने न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. चार्ल्स बास यांनी १९५४ साली मांडलेली पद्धत शिकवली. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत टेकवायचा, जागच्या जागी हलकेच हलवायचा. एकूण दोन मिनिटं.

रविवारी आईला फोनवर उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "माझी मिश्रीच बरी रे." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच; तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण. आता ४५ अंश राहू दे, दर रविवारी एवढंच म्हणतो, "आई, मिश्री सोड."

तुमच्या घरी कोणी सोडली का? कशी?