देहांतील विसर्ग

पावसाळ्यांत गोदेचा पूर नाशिककर मोजतात तो आंकड्यांनीं नव्हे, दुतोंड्या मारुतीनें. पाणी मारुतीच्या गुडघ्यास लागलें, कमरेस आलें, छातीशीं भिडलें, एवढें कानीं पडलें कीं आपलें सामान किती उंच हलवावें हें घाटावरील दुकानदारास उमगतें. वर गंगापूरच्या धरणावरील अधिकारीहि खालच्या पाण्याची वार्ता घेऊनच विसर्ग वाढवितो वा घटवितो. दारें उघडण्याची सत्ता त्याची खरी. परंतु ती चालते नदीचें ऐकून.

आपल्या देहांतहि असाच कारभार अहोरात्र चालू असतो. मेंदूच्या तळाशीं अधश्चेतक नांवाचा अवघ्या कांहीं ग्रॅम वजनाचा भाग आहे, व त्याखालीं एका नाजूक देठास वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि लोंबते. अधश्चेतकाचा रासायनिक निरोप सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पीयूषिकेस पोंचतो. ती आपला हुकूम रक्तांत सोडते. मग गळ्यांतील थायरॉइड, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क इत्यादि ग्रंथि आपापले स्राव सोडूं लागतात. हे स्राव रक्तावाटे मेंदूकडे परततात, व ते पुरेसे आहेत असें कळतांच मेंदू हुकूम आवरता घेतो. हे निरोप हस्तगत करण्यासाठीं गिलेमिन यांनीं लक्षावधी मेंढ्यांच्या, तर शॅली यांनीं डुकरांच्या मेंदूंचे तुकडे वर्षानुवर्षें गाळले. १९७७ सालीं ते दोघे नोबेल पारितोषिकाचे वांटेकरी झाले.

हें सारें वाचून आम्ही विसरलोंहि असतों; पण आमच्या आत्याबाईंनीं तें विसरूं दिलें नाहीं. गुडघेदुखीवर त्या कोणा औषधवाल्याकडील पांढऱ्या गोळ्या दोन वर्षें घेत होत्या. गुण विलक्षण होता. एका चातुर्मासांत त्यांनीं गोळ्या एकदम सोडल्या. "दुखणें गेलें, आतां गोळी कशाला रे?" असें त्यांचें म्हणणें. चार-पांच दिवसांत अन्न जाईना, उलट्या होऊं लागल्या, आणि एके सकाळीं त्या देवघरांतच घेरी येऊन पडल्या.

डॉक्टरांनीं गोळी ओळखली: ती स्टिरॉइडची होती. बाहेरून दोन वर्षें पाणी येत राहिल्यानें मेंदूस नदी भरलेलीच दिसत होती. त्यानें हुकूम सोडणें थांबविलें, व अधिवृक्क ग्रंथि कामावांचून सुकल्या. बाहेरचा ओघ तुटला तेव्हां आंतलीं दारें गंजलेलीं होतीं. तेंच औषध शिरेवाटे देऊन आत्याबाई वांचल्या. पुढें तें तिळातिळानें कमी करावयास कित्येक महिने लागले.

औषधास दोष देणें आम्हांस रुचत नाहीं. १९४८ सालीं अमेरिकेंत हेंच यांनीं संधिवातानें खिळलेल्या रुग्णांस या जातीचें औषध प्रथम दिलें, आणि पुढें दमा व इतर अनेक दुखण्यांत त्यानें असंख्य प्राण राखले. मात्र घरांतील वडीलधारी माणसें कोणती गोळी घेतात, तींत काय आहे, हें मुलांनीं विचारलें पाहिजे. व स्टिरॉइड बरेच आठवडे चाललें असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तें एकाएकीं सोडूं देऊं नये. मेंदू आपला कारभार पुन्हां हातीं घेतो. पण त्यास तेवढी सवड द्यावी लागते.